भीमेकाठची दुसरी भाषा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला असलेल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांत घरच्या बोलीखेरीज आणखी एक भाषा लहानपणीच उचलण्याची रीत तिथल्या शाळांहून जुनी आहे. भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. एका तालुक्यातून नगरकडे जाणारा रस्ता गेला, दुसऱ्यातून सोलापूरकडे जाणारा रस्ता आणि लोहमार्ग. या वाटांनी फौजा आल्या, मिशनरी आले, रेल्वेचे नोकरदार आले, दुष्काळातून वाचलेली पोरकी मुले आली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आणि अलीकडे कारखान्यांतले कामगार आले. प्रत्येकाबरोबर त्याची भाषा आली. थोरांना ती कामापुरती समजू लागेपर्यंत पोरे तिच्यात भांडू लागलेली असत. आज मुलाला बालवाडीपासून स्पॅनिशसारखी परकी भाषा शिकवावी का, असे पालक विचारतात. त्या प्रश्नाचा विचार करताना या दोन तालुक्यांचा अनुभव फार उपयोगी पडतो.

सर्वांत जुने आणि ठळक उदाहरण राजघराण्यातले आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. १६५७ मध्ये जन्मलेले संभाजीराजे १६६६ मध्ये शिवाजी महाराजांबरोबर आग्र्याला गेले, तेव्हा नऊ वर्षांचे होते. सुटकेनंतर काही काळ त्यांना मथुरेत ठेवले होते. पुढे त्यांच्या नावावर ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ आणि ‘नखशिख’, ‘नायिकाभेद’ यांसारख्या ब्रज भाषेतील रचना आहेत. दख्खनच्या राजपुत्राला ब्रजमध्ये काव्य रचण्याइतकी गती केवळ पोथीतून आली असेल, असे मानणे कठीण आहे. त्या भाषेच्या मुलखात काढलेले दिवस आणि दरबारात हिंदुस्थानी कवींचा राबता यांचा त्यात वाटा असणार. सामान्य घरांत मात्र परभाषेला पुस्तकी रूप नव्हते. कुलकर्ण्याच्या मुलाला मोडी वळण आणि दप्तरातले फारसी शब्द बापाच्या मांडीशी बसून येत. बाजारपेठेतल्या पोराला दखनी गिऱ्हाइकांकडून येई.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोडनदीकाठी शिरूरला इंग्रजांची छावणी पडली. कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये तिथेच वारला आणि त्याच्या कबरीला आसपासचे लोक सत्पुरुषाचे स्थान म्हणून नवस बोलू लागले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण याच छावणीतून निघून दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला पोचली. छावणीच्या बाजारात मराठी, हिंदुस्थानी आणि मोडकीतोडकी इंग्रजी एकाच वेळी चाले. त्या काळच्या हिंदुस्थानातील छावण्यांत एक गोष्ट सर्रास घडे: गोऱ्या अंमलदारांची मुले आयेच्या कडेवर वाढत आणि इंग्रजीच्या आधी देशी भाषा बोलू लागत. १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगचे बालपण असेच गेले. आईबापांसमोर जाताना त्याला इंग्रजी बोलण्याची आठवण करून द्यावी लागे. त्या मुलांसाठी कोणी हिंदुस्थानीचा तास घेतला नव्हता. जेवू घालणारी, झोपवणारी, रागावणारी बाई त्या भाषेत बोलत होती, एवढे पुरेसे होते.

छावणीच्या मागोमाग मिशन आले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे उभारले आणि १८४० च्या दशकात शिरूरला. शाळा कोणत्या भाषेत चालवायची यावर तेव्हा मुंबई इलाख्यात मोठा वाद पेटला होता. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांचा पक्ष घेतला. मिशनमध्येही हाच तिढा होता. १८५४–५५ मध्ये अमेरिकेहून रुफस अँडरसन यांचे शिष्टमंडळ आले आणि इंग्रजी शाळांवरचा खर्च आवरून मराठीतून शिकवण्याचा आग्रह त्याने धरला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानेही प्राथमिक शिक्षणासाठी देशी भाषाच योग्य ठरवल्या. त्यामुळे शिरूरच्या खेड्यांतल्या मुलाला पहिली अक्षरे मराठीत मिळाली आणि इंग्रजी मोजक्यांना, तीही उशिरा. हा निर्णय इंग्रजी न मिळालेल्यांना खटकला, पण त्यामुळे मराठी वाचणारी पहिली पिढी गावोगाव तयार झाली, हे विसरता येत नाही.

दौंडचे रूप रेल्वेने बदलले. १८५८ मध्ये पुण्यापर्यंत रेल्वे आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भीमेकाठच्या डिकसळपर्यंत पोचली. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. जंक्शन म्हणजे लोको शेड, रनिंग रूम, रेल्वे कॉलनी, आणि मुलखामुलखाचे लोक: अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड, मराठी गँगमन आणि पॉइंटमन, दक्षिणेतून बदलीवर आलेले, उत्तरेतून आलेले. पुढे राज्य राखीव पोलीस दलाचे गट दौंडला आले आणि वसाहतीत आणखी जिल्ह्यांच्या बोली मिसळल्या. अशा वसाहतीत मुलांची भाषा ठरते ती मैदानावर. शेजारच्या घरात हिंदी, समोरच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, फलाटावर सगळ्यांची मिळून एक हिंदी. पोर कोणापुढे कोणती भाषा काढायची हे आपोआप ओळखते. भाषाशास्त्रज्ञ याला भाषा बदलणे म्हणतात. दौंडच्या कॉलनीत याला कधी नाव लागले नाही, कारण ते वेगळे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही.

या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे पान दौंड तालुक्यातील केडगावचे आहे, आणि ते पंडिता रमाबाईंच्या नावाने आहे.

रमाबाईंचे स्वतःचे बालपणच बहुभाषिक. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकाकडील भागात, गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. त्यासाठी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. लक्ष्मीबाईंनी मुलीला साधारण आठव्या वर्षापासून शिकवायला घेतले. पहाटे उठून आई सांगे, मुलगी म्हणे; पुस्तकाआधी कान. घरात आईवडिलांची मराठी, शिक्षणात संस्कृत, आणि कुटुंब सतत तीर्थयात्रेत असल्यामुळे वाटेवरच्या लोकांकडून कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली. रमाबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले, आणि भाऊ श्रीनिवासाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. इंग्रजी मात्र त्यांनी विशी ओलांडल्यावर शिकायला घेतली. हिब्रू आणि ग्रीक त्याहूनही नंतर. एकाच बाईच्या आयुष्यात भाषा शिकण्याच्या दोन्ही तऱ्हा दिसतात. बालपणी आलेल्या भाषा वाटचालीत अंगवळणी पडल्या. मोठेपणी आलेल्या भाषांसाठी कोश, व्याकरण आणि वर्षानुवर्षांची बैठक लागली. दोन्ही साधल्या, पण कष्टांची जात वेगळी. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्या मराठीतच बोलल्या, हेही नोंदवण्यासारखे आहे.

१८८१ मध्ये जन्मलेली त्यांची मुलगी मनोरमा दोन वर्षांची असताना आईबरोबर इंग्लंडला गेली आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या सहवासात वाढली. आई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत आणि शिकवत असताना लेक इंग्रजीत बोलायला शिकत होती. आईने मेहनतीने मिळवलेली भाषा मुलीला खेळता खेळता आली. पुढे हीच मनोरमा केडगावच्या शाळेचा आधार झाली.

१८८६ ते १८८८ या काळात रमाबाई अमेरिकेत होत्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे बालशिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. खेळ, गाणे, हाताने करायची कामे आणि वस्तू पाहून बोलणे यांवर ही पद्धत उभी होती. मराठी मुलींसाठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी तिथेच हाती घेतले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठीचे शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर आणावे लागले. झाडाखाली आणि झोपड्यांत सुरू झालेली ही वस्ती ‘मुक्ती’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

केडगावला तेव्हा काय घडत होते, याकडे आजच्या शिक्षकाने लक्ष द्यावे. मध्य प्रांतातल्या मुलींच्या तोंडी हिंदी होती, गुजरातेतल्यांच्या तोंडी गुजराती. वस्तीची भाषा मराठी. उपाशीपोटी, रोगाने खंगलेल्या, आईबाप हरवलेल्या या मुलींना आधी भाषा नव्हे, अन्न आणि माया हवी होती. ती मिळाली, आणि तिच्याबरोबर मराठी आली. स्वयंपाकघर, शेत, गोठा, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना ही तिथली खरी भाषाशाळा. ‘पाणी आण’, ‘पेंढी बांध’, ‘धागा ओव’ ही वाक्ये ऐकायची आणि लगेच करायची; समजले की नाही ते हातातल्या कामावरून कळे. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळत. वयाने लहान असलेली मुलगी मोठीच्या मागे मागे फिरत शब्द गोळा करी.

छापखान्याचे तर विशेषच. कधी काळी अक्षरओळख नसलेल्या मुली तिथे खिळे जुळवू लागल्या. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणण्याचे काम अनेक वर्षे चालवले. खेड्यातल्या बाईला ऐकताच उमजेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. संस्कृतात पारंगत असलेल्या पंडितेने हे करावे यात फार मोठा निश्चय आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.

केडगावचा एक धागा थेट स्पॅनिश बोलणाऱ्या जगापर्यंत जातो. मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिनी एब्रम्स यांनी १९०५ नंतरच्या तिथल्या धर्मजागृतीवर एक इंग्रजी पुस्तक लिहिले आणि १९०७ मध्ये त्याची प्रत दक्षिण अमेरिकेत, चिलीतील वाल्परायसो येथे आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. १९०९ मध्ये तिथे स्पॅनिशभाषक समाजात जी पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली, तिच्या इतिहासात या पुस्तकाचा आणि म्हणून केडगावचाही उल्लेख होतो. दौंड तालुक्यातले एक गाव चिलीच्या इतिहासात असावे, ही बाब त्या तालुक्यातल्या शाळांत सांगितली गेली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर परभाषेचा प्रश्न सरकारी धोरणाच्या हाती गेला. इंग्रजी एका काळी आठवीत सुरू होई, मग पाचवीत. २००० पासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून आली. त्यामुळे शिरूर-दौंडमधल्या जिल्हा परिषद शाळांतल्या सहा वर्षांच्या मुलापुढे इंग्रजीचे पुस्तक आले. मात्र पुष्कळ ठिकाणी इंग्रजी बोलणारे माणूस त्याच्यापुढे आले नाही. शिक्षक जीव तोडून शिकवत होते. पण त्यांनाही ती भाषा पुस्तकातूनच मिळालेली. म्हणून कविता पाठ झाल्या, स्पेलिंग पाठ झाले, आणि कोणी इंग्रजीत साधे विचारले की मूल गप्प. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि २९ जून रोजी तो मागे घेण्यात आला. त्या वादात भाषेचे राजकारण भरपूर चर्चिले गेले. मूल भाषा शिकते कसे, यावर त्या मानाने कमी बोलले गेले.

या दोन तालुक्यांत एका मोठ्या वर्गासाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे, हे धोरण आखणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. पारधी वस्तीवरचे मूल घरी गुजरातीशी नाते असलेली बोली बोलते. बंजारा मुलाची गोरमाटी राजस्थानीकडची, वडारांची बोली तेलुगूकडची, कैकाड्यांची तमिळकडची. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेले मूल कोपीत राहते आणि हंगाम संपला की गावी परत जाते. साखरशाळेत त्याला मराठी पुस्तक मिळते, पण ज्या वयात भाषा रुजायची त्याच वयात दर सहा महिन्यांनी शाळा बदलते. केडगाव, राहू या भागातल्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे काम करतात. त्यांची मुले काहिलीच्या धुरात भोजपुरी, अवधी ऐकत वाढतात आणि गावातल्या पोरांबरोबर मराठी शिकतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट, एलजी, व्हर्लपूल यांचे कारखाने आल्यापासून कारेगाव, शिक्रापूर, सणसवाडी या गावांतल्या चाळींत देशभरातली घरे आहेत. पहिलीच्या वर्गात चार-पाच मातृभाषा असणे तिथे नवलाचे राहिलेले नाही. वर्गात आपल्या बोलीतला शब्द उच्चारल्यावर हसू झाले की असे मूल बोलायचे थांबते, आणि बोलायचे थांबलेले मूल शिकायचेही थांबते. हे नुकसान मोजले जात नाही, पण पाचवी-सहावीतल्या गळतीमागे तेही असते.

आता शास्त्राने या अनुभवाविषयी काय सांगितले ते पाहावे. १९२३ मध्ये वेल्समधील एका अभ्यासाने दोन भाषा बोलणारी मुले बुद्धीने मागे पडतात असा निष्कर्ष काढला होता, आणि तो समज कित्येक दशके टिकला. त्या अभ्यासात घरची सांपत्तिक स्थिती नीट विचारात घेतलेली नव्हती. १९६२ मध्ये माँट्रियल येथे पील आणि लँबर्ट यांनी फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा ती मुले बुद्धिमापनात पुढे आढळली. दोन भाषांमुळे मेंदू तल्लख होतो किंवा लक्ष अधिक टिकते, हे दावे आजही वादात आहेत. त्यांच्या भरवशावर लहान मुलाला परभाषेच्या वर्गात बसवणे योग्य नाही. भक्कम आधार आहे तो उच्चारांविषयी. १९८४ मध्ये वर्कर आणि टीस यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो कळेनासा झाला. मराठी घरातले बाळ हा फरक आयुष्यभर बाळगते, कारण त्याच्या कानावर तो रोज पडतो.

२००३ मधील पॅट्रिशिया कुहल यांचा प्रयोग केडगावची आठवण करून देणारा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपुढे काही चिनी माणसे बसली, खेळली, गोष्टी वाचल्या. इतर बाळांना तेच चित्रफितीवर किंवा नुसत्या आवाजात दिले. माणसाबरोबर खेळलेल्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक उमगला, पडद्यासमोर बसलेल्यांना नाही. मोबाइलवर स्पॅनिश गाणी लावून ठेवणाऱ्या पालकांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. याउलट १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात डच शिकणारी बारा ते पंधरा वर्षांची मुले आणि प्रौढ सुरुवातीच्या महिन्यांत झपाट्याने पुढे गेले. तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत मागे होती. लहान मूल वेगाने शिकते हा समज म्हणून अर्धाच खरा. लहान मूल सावकाश शिकते, पण उच्चार आणि सहजता यांत शेवटी पुढे जाते, आणि तेही भाषा वर्षानुवर्षे त्याच्या आयुष्यात राहिली तरच.

या पार्श्वभूमीवर मराठी मुलाला स्पॅनिश कितपत पेलेल, हे भाषेच्या घडणीवरून पाहता येते, आणि इथे मराठीचे पारडे जड आहे. स्पॅनिशचे मूळ स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. इंग्रजीसारखे एकाच अक्षराचे दहा उच्चार तिथे नाहीत. स्पॅनिशमधला ‘त’ आणि ‘द’ दातांवर जीभ टेकून निघतो, मराठीसारखाच; इंग्रजी बोलणारा तिथे ‘ट’ काढतो आणि लगेच परका ठरतो. स्पॅनिशमध्ये ‘क’, ‘त’, ‘प’ महाप्राण न होता उच्चारतात, तेही मराठी जिभेला नवे नाही. एक खास अक्षर ‘ञ’च्या उच्चाराचे आहे. ते मराठी वर्णमालेत आहे, पण बोलण्यात क्वचित. स्पॅनिशमध्ये ते रोजचे. अवघड जाते ते जोरात थरथरणारे ‘र्र’, मऊ ‘ब’ आणि स्पेनमधला दातांमधून निघणारा ‘थ’सारखा ध्वनी.

व्याकरणातली साम्ये त्याहून महत्त्वाची. वस्तूला लिंग असते हे मराठी मुलाला सांगावे लागत नाही; त्याच्याकडे तीन लिंगे आहेत, स्पॅनिशमध्ये दोन. विशेषण नामाप्रमाणे बदलते, क्रियापदावरून कर्ता कळतो म्हणून ‘मी’ गाळता येतो, हेही ओळखीचेच. सर्वांत गोड साम्य आवडीच्या वाक्यात आहे. इंग्रजीत माणूस आंबा आवडून घेतो. मराठीत ‘मला आंबा आवडतो’ आणि स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’. दोन्हीकडे आंबा कर्त्याच्या जागी आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला. आंबे अनेक झाले की मराठीत ‘आवडतात’, स्पॅनिशमध्ये ‘गुस्तान’. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला हे वाक्य उलटे वाटते आणि समजायला वेळ लागतो. मराठी मुलाला ते घरचेच वाटेल. म्हणून मराठी मुलाला स्पॅनिश शिकवायची तर इंग्रजीच्या आडवाटेने नेण्याचे कारण नाही. थेट मराठीवरून नेणे अधिक सोपे. नवे काय ते एक: मराठीच्या एकट्या ‘असणे’साठी स्पॅनिशला दोन क्रियापदे लागतात, एक स्वभावासाठी, दुसरे अवस्थेसाठी.

शब्दांची ओळखही आधीच झालेली आहे, गोव्याच्या मार्गाने. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि पोर्तुगीजांकडून मराठीने बटाटा, पाव, पगार, चावी, साबण, बादली असे शब्द उचलले. त्यांची भावंडे स्पॅनिशमध्ये आहेत: पैसे देणे म्हणजे ‘पागार’, बादली म्हणजे ‘बाल्दे’, पाव म्हणजे ‘पान’. शिरूरच्या बाजारात बटाट्याच्या गोण्यांवर हात ठेवून आजी मुलाला हे सांगू शकते. त्यासाठी तिने स्पॅनिश शिकलेले असण्याची गरज नाही.

व्यवहाराची बाजूही आहे. स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांची संख्या पन्नास कोटींच्या आसपास आहे, वीस देशांत ती राजभाषा आहे, आणि स्पेनमधल्या वाहनभाग उद्योगांचे कारखाने चाकण परिसरात आहेत. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकी भाषांचे वर्ग पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. मात्र ते मोठ्यांसाठी. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे. ग्रामीण शाळेत परकी भाषा रुजू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडिवाट येथील जिल्हा परिषद शाळेने मुलांना कोणती भाषा शिकायची ते विचारले. यंत्रमानवशास्त्राच्या ओढीने मुलांनी जपानी निवडली आणि शिकायला घेतली. भाषा मुलांनी निवडली, म्हणून ती टिकली.

शिरूर-दौंडच्या शाळेत स्पॅनिश आणायची झाल्यास एक अडथळा आधीच ओळखायला हवा, तो लिपीचा. स्पॅनिश रोमन अक्षरांत लिहितात, पण इंग्रजीतला ‘जे’ तिथे घशातला ‘ख’ होतो, ‘एच’ उच्चारलाच जात नाही, दुहेरी ‘एल’चा ‘य’ होतो. पहिलीत देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन लिप्या एकदम शिकणाऱ्या मुलापुढे तीच रोमन अक्षरे दुसऱ्या उच्चारांनी ठेवली, तर तिन्हींचा घोळ होतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे स्पॅनिश नुसती बोलण्यात असावी: गाणी, लपाछपी, मोजणी, भाज्यांची नावे, ‘दे’, ‘घे’, ‘ये’, ‘जा’. मूल मराठी अस्खलित वाचू लागले, साधारण तिसरी-चौथीत, की मग अक्षरे. आणि शिकवणारा माणूस रोज समोर असावा, आठवड्यातून एकदा येणारा पाहुणा नव्हे.